दोन तळांमधला तुकडा

कोल्हापुरी चपलेचा तळ कापताना कारागीर म्हशीच्या जाड चामड्यावर फरमा ठेवतो, कडेने खूण करतो आणि रापी फिरवतो. पावलाचा आकार काही चौकोनी नसतो. टाचेकडे तो अरुंद होतो, चवड्याकडे पसरतो, मधे आत वळतो. त्यामुळे दोन तळ एकमेकांना कितीही खेटून आखले तरी त्यांच्यामध्ये एक वेडावाकडा तुकडा उरतोच. तीन-चार मिलिमीटर जाड आणि तळहाताएवढा. तळासाठी तो अपुरा, वरच्या पट्ट्यासाठी फार जाड, वेणीसाठी तर अगदीच निरुपयोगी. कोल्हापूरच्या सुभाषनगरसारख्या वस्त्यांत, जिथे चपलेचे काम घरोघरी चालते, तिथे अशा तुकड्यांचे ढीग कोपऱ्यात पडलेले असतात.

चहाच्या कपाखाली किंवा ताकाच्या पेल्याखाली ठेवायची चकती, म्हणजे कोस्टर, करायला नेमका हाच तुकडा लागतो. आकार योग्य, जाडी योग्य, आणि त्यात मुरलेले रसायनही योग्य. फक्त त्याला पाण्यापासून कसे आणि किती जपायचे हा प्रश्न सोडवावा लागतो. वरवर तो हस्तकलेचा प्रश्न वाटतो. पण त्याचे धागे कोलॅजेनच्या रेणूपासून आषाढातल्या दमट हवेपर्यंत पोहोचतात.

तुकडा फेकणे जिवावर का यावे, याला एक हिशोब आहे. मीठ लावून साठवलेली एक टन कच्ची कातडी कारखान्यात गेली, तर शेवटी तयार चामडे हाती येते सुमारे २०० ते २५० किलो. बाकीचे केस, मांस, चरबी, पाणी आणि तासून काढलेला भुसा यांत जाते. इतक्या कष्टाने उरलेल्या पाव हिश्श्यातून पुन्हा कापताना तुकडे पडतात. त्यातच मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला, बैलाचे कातडे मिळेनासे झाले आणि सारा भार म्हशीच्या चामड्यावर आला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले; महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. नाव मोठे झाले, पण चामडे मिळणे सोपे झाले नाही.

आता पेल्याकडे वळू.

जुलैत मुंबईत हवेचे तापमान २८ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असणे ही रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू येतो सुमारे २५ अंश. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी जमणारच. फ्रिजमधून काढलेल्या ताकाचा पेला असतो आठ-दहा अंशांवर. पाच मिनिटांत तो घामाघूम होतो, थेंब ओघळतात आणि तळाशी कडे तयार होते. हे पाणी नुसते टेबल ओले करत नाही, ताकही तापवते. वाफेचे पाणी होताना तिच्यातली सुप्त उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम वाफ पेल्यावर जमली तर त्या उष्णतेने २०० मिलिलिटर ताक जवळपास तीन अंशांनी तापू शकते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डेल डरन आणि डार्गन फ्रायरसन या हवामानशास्त्रज्ञांनी २०१३ साली ‘फिजिक्स टुडे’मध्ये याच गोष्टीवर लिहिले. थंड पेयाच्या कॅनवर अवघ्या ०.१ मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर जमला, तरी आतले पेय सुमारे पाच अंशांनी तापते असा त्यांचा हिशोब होता. ढगांना बळ देणारी उष्णताही हीच. पेल्याखालची चकती म्हणजे एका छोट्याशा पावसाखाली ठेवलेली थाळी.

पाऊस थाळीत मावला नाही तर तो लाकडावर जातो. जुन्या सागवानी टेबलावर चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश असेल तर तिथे पांढरे वर्तुळ उमटते. पाणी लेपात शिरून सूक्ष्म पोकळ्या तयार करते, त्या प्रकाश विखुरतात आणि डाग पांढरा दिसतो. गरम कपाने लाख मऊ होते, मग पाण्याचे काम आणखी सोपे होते.

युरोपने यावर कागदी उत्तर काढले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या रॉबर्ट श्पुट यांनी १८९२ साली लाकडाच्या लगद्यापासून चकत्या करण्याचे पेटंट घेतले. बिअरच्या पेल्याखाली ठेवायची, पाणी पिऊन फुगली की फेकून द्यायची. चामड्याच्या चकतीकडून अपेक्षा वेगळी आहे. तिने पाणी सोसायचे, सुकायचे आणि उद्या पुन्हा तयार राहायचे.

हे ती करू शकते ते कोलॅजेनमुळे. कातड्याचा मुख्य घटक म्हणजे हे प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात, तिपेडी वेणीसारख्या. या रचनेचा उलगडा मद्रासमध्ये झाला. जे. डी. बर्नाल या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या भेटीनंतर मद्रास विद्यापीठाचे जी. एन. रामचंद्रन कोलॅजेनकडे वळले. १९४८ साली स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था विद्यापीठाच्या शेजारीच होती. तिथून त्यांना कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचे शुद्ध कोलॅजेन मिळाले. क्ष-किरणांनी त्याचा अभ्यास करून रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली ‘नेचर’मध्ये तिपेडी रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती अधिक नेमकी केली. या साखळीत प्रत्येक तिसरी जागा ग्लायसीनची असते. अमिनो आम्लांत तेच सर्वांत लहान, आणि तीन पेड जिथे भेटतात त्या अरुंद गाभ्यात दुसरे कोणी मावत नाही. आपल्या देशात चामड्याच्या संस्थेच्या शेजारी बसून जगाला प्रथिनाची रचना समजावली गेली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवी.

कच्चे कातडे ओले राहिले की सडते आणि वाळले की फळीसारखे ताठ होते. ते ‘कमावणे’ म्हणजे या वेण्यांना एकमेकींशी बांधून टाकणे. कोल्हापुरी पद्धतीत हे काम बाभळीची साल आणि हिरडा करतात. चुन्याने केस सुटे करून साफ केलेल्या कातड्याची पिशवी शिवतात, ती टांगतात आणि आत साल-हिरड्याचा काढा भरतात. काढा कातड्यातून झिरपत खाली येतो, तो पुन्हा वर ओततात. सगळे मिळून महिनाभर सहज जातो. वाळलेल्या हिरड्यात वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके टॅनिन असते. या रेणूंवर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी असते आणि ते कोलॅजेनला ठिकठिकाणी हायड्रोजन बंधांनी पकडून ठेवतात. हिरडा चघळल्यावर तोंड आवळते तेव्हा हेच टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरत असते. मराठीत त्या चवीला ‘तुरट’ म्हणतात. कातड्याला दिलेली तुरट चव म्हणजे कमावणे, असे म्हटले तर रसायनशास्त्र फारसे नाराज होणार नाही.

महाराष्ट्रात हे काम पिढ्यानपिढ्या ढोर समाजाने केले आणि त्यातून पायताण घडवण्याचे काम चर्मकार समाजाने. चुना कधी थांबवायचा, काढा किती तुरट हवा, कातडे आतपर्यंत रंगले का, हे सारे बोटांनी आणि नाकाने ओळखणारी ही माणसे होती. त्यांच्या ज्ञानाच्या बदल्यात समाजाने त्यांना गावाबाहेर ठेवले. चामड्याच्या तुकड्याबद्दल लिहिताना ही गोष्ट गाळणे बरोबर होणार नाही.

बाजारातला प्रत्येक तुकडा मात्र असा कमावलेला नसतो. जगातले बहुतेक चामडे आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली त्याचे पेटंट घेतले आणि महिन्याचे काम दिवसावर आले. पर्स, जाकिटे, सोफे यांतून उरलेले तुकडे बहुधा या जातीचे. ते मऊ आणि लवचीक असतात. त्यांच्यावर ठसा नीट उमटत नाही आणि कडा घासून गुळगुळीत होत नाहीत. चकतीसाठी म्हणून सालीने कमावलेला तुकडाच हवा. पण ढिगातून तो ओळखायचा कसा?

एक लोखंडी खिळा पाण्यात भिजवा आणि रात्रभर तुकड्यावर ठेवा. सकाळी तिथे निळसर काळा डाग दिसला तर चामडे सालीचे. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून काळे संयुग तयार होते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, एकत्र करून शाई करत ती याच रसायनावर. लोखंडी खिळे व्हिनेगरमध्ये विरघळवून चर्मकलेतले लोक आजही याच पद्धतीने चामडे काळे करतात. वर रंग चढत नाही, चामडे स्वतःच काळे होते. खिळ्याचा डाग नको असेल तर लिंबाचा रस त्याला फिकट करतो.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. बोटभर पट्टी कापून पाण्यात टाका. सालीने कमावलेले चामडे बघता बघता आक्रसते, पिळवटते आणि गार झाल्यावर टणक होते. क्रोमचे चामडे जवळपास तसेच राहते. ओल्या कोलॅजेनला उष्णता मिळाली की एका ठराविक तापमानाला तिपेडी वेणी उलगडते आणि तंतू आखडतो. कच्च्या कातड्यात हे ६० ते ६५ अंशांना घडते, सालीच्या चामड्यात साधारण ७० ते ८५ अंशांना, आणि चांगल्या क्रोम चामड्यात १०० अंशांच्याही पुढे. ओळख पटवण्यासाठी तुकडा जाळून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये. क्रोम चामडे जळताना त्यातले क्रोमियम सहा-संयुजी रूपात जाऊ शकते, आणि ते कर्करोगकारक आहे. असे तुकडे चुलीत किंवा बंबात घालणेही तितकेच धोक्याचे.

उकळत्या पाण्यातल्या त्या पट्टीने चकतीचे खरे दुखणे दाखवून दिले आहे. चामडे कोरडे असेल तर उष्णता सोसते, कारण पाण्याविना वेणी उलगडायला फार जास्त तापमान लागते. चामडे गार पाण्याने भिजले तरी फारसे बिघडत नाही. शेतातली मोट आठवावी. चामड्याची ती मोठी पिशवी सोंडेसकट दिवसभर विहिरीत बुडायची, भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची. पखालीही चामड्याच्याच होत्या. पाणी आणि उष्णता एकेकटे आले तर चामडे निभावून नेते. दोघे एकाच वेळी आले की ते कायमचे आखडते. ताकाच्या पेल्याने ओली झालेली चकती, आणि तिच्यावर लगेच आलेला उकळत्या चहाचा स्टीलचा पेला. ही जोडी सर्वांत वाईट. स्टील उष्णता झपाट्याने खाली पोहोचवते आणि पेल्याच्या बुडाच्या आकाराची कडक खोलगट खूण उमटते. ती कशानेही जात नाही. चकतीवर लेप द्यायचा तो या दोघांची गाठ पडू नये म्हणून.

पाणी आत शिरते ते केशाकर्षणाने. चामडे म्हणजे तंतूंचे जाळे. त्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश जागा हवेची असते. नऊ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन मिलिमीटर जाड चकतीत त्या हिशोबाने सुमारे साडेनऊ मिलिलिटर पाणी मावेल, म्हणजे जवळपास दोन चहाचे चमचे. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या, पाण्याने पूर्ण भिजणाऱ्या नळीत पाणी तत्त्वतः दीड मीटर उंच चढू शकते. मग चकतीच्या जाडीची काय कथा. मात्र त्याचा वेग कमी कमी होत जातो. अमेरिकी रसायनज्ञ एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ साली दाखवले की अशा सच्छिद्र पदार्थात अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. दीड मिलिमीटरच्या तुकड्याऐवजी तीन मिलिमीटरचा घेतला, तर पाणी आरपार जायला चौपट वेळ मिळतो. तळाचा जाड तुकडा चांगला तो यासाठी.

केशाकर्षण थांबवायला छिद्रे बुजवावी लागतातच असे नाही. थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो तो ९० अंशांपेक्षा लहान असेल तर पाणी छिद्रात ओढले जाते, मोठा असेल तर बाहेर ढकलले जाते. थॉमस यंग आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी १८०५-०६ मध्ये याचे गणित मांडले. तंतूंवर मेणाचा पातळ थर चढला की हा कोन ९० च्या पुढे जातो. छिद्र उघडे असते, पण पाण्याला आत जावेसे वाटत नाही.

मेण म्हणजे मधमाश्यांचे मेण. महाबळेश्वरच्या जंगलात मधमाश्या ज्या झाडांवर जातात त्यांत जांभूळ, गेळा यांच्यासोबत हिरडाही आहे. एकच झाड कातडे कमावायला फळ देते आणि त्याच्या फुलांवर पोसलेल्या माश्या ते चामडे जपायला मेण देतात, ही सह्याद्रीची किमया म्हणावी लागेल.

मेणात बुडवण्याची कृती छोटी आहे, पण तिच्यात एक अट मोडून चालत नाही: तुकडा पूर्ण कोरडा हवा. मेण वितळवायचे ते पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, थेट आचेवर कधीच नाही, कारण फार तापलेले मेण पेट घेते. भांड्यातले मेण ७५-८० अंशांवर असते. कोरडे चामडे त्यात निवांत राहते. ओलसर चामडे मात्र उकळत्या पाण्यातल्या पट्टीसारखेच आखडते. कोरडेपणा हाताला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याला कळतो. तुकडा रोज तोलावा. दोन-तीन दिवस वजन जराही उतरले नाही, की तो तयार झाला. मग मेणात सोडल्यावर बारीक बुडबुड्यांची रांग वर येते. छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि तिची जागा मेण घेते. बुडबुडे थांबले की चकती काढायची, कापडाने पुसायची आणि वजनाखाली सपाट ठेवून गार करायची. रंग एकदम गडद होतो. हवा आणि तंतू यांच्या सीमेवर प्रकाश जितका विखुरतो तितका मेण आणि तंतू यांच्या सीमेवर विखुरत नाही. ओले कापड गडद दिसते त्याचेही कारण हेच.

अशी चकती ताकाला, कोकम सरबताला, थंड पाण्याला उत्तम. चहाला नाही. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि नुकताच ओतलेला चहा त्याहून बराच गरम असतो. पेल्याखाली मेण पाझरते, बुडाला चिकटते, टेबलावरही उतरते. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळणारे कारनौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळते. ते थोडे मिसळले तर फरक पडतो, मात्र ते ठिसूळ असल्याने जास्त घातले की तडे जातात.

ॲक्रिलिकचा लेप हा सर्वांत प्रचलित उपाय. तो पाण्यात कालवून, पातळ करून, दोन-तीन हातांत द्यायचा. जाड एकच हात दिला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि खाली ओल अडकते. हा लेप पाणी चांगले अडवतो. तापला की तोही जरा मऊ पडतो आणि जड मग त्याला चिकटतो, उचलताना पापुद्रा निघतो. चपडा गरम कपालाही टिकत नाही आणि मद्यालाही. जवसाचे तेल वेगळ्या रीतीने वागते. ते हवेतला ऑक्सिजन शोषून रेणूंचे जाळे बनवते आणि घट्ट होते. खोबरेल किंवा एरंडेल असे कधीच वाळत नाही. कोल्हापुरीला तेल पाजतात ते तंतू मऊ राहावेत म्हणून. पाणी अडवण्याचे काम ते थोडेच करते. जवसाचे तेल वापरताना एक खबरदारी हवी. तेलाची चिंधी चुरगळून टाकली तर ऑक्सिडेशनची उष्णता आत साठून ती आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवावी.

चहासाठी खरे तर अगदी थोडा लेप पुरतो. गरम कपावर दव जमत नाही. आलाच तर सांडलेला थेंब येतो. आणि चहा स्वतः टॅनिनने भरलेला आहे, चामड्याचा दूरचा नातलगच. त्याच्या डागाने चकती हळूहळू तपकिरी होते, आणि ती छटा तिला शोभते. घरात ताकाच्या आणि चहाच्या चकत्या वेगळ्या असाव्यात हे मत थोडे हट्टी वाटेल, पण तापमानाचे आकडे त्याच्याच बाजूने आहेत.

लेपाचा दुसरा उपयोग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाणी चामड्यात जाते तसे चामड्यातले सुटे टॅनिन पाण्यात उतरते. ओली, लेपाविना असलेली चकती पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवली तर दुसऱ्या दिवशी तपकिरी चौकोन दिसतो. म्हणून वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूचा लेप महत्त्वाचा. पण एकाच बाजूने लेप दिला की चकती वाकते. वरची दाणेदार बाजू घट्ट विणीची, मांसाकडची बाजू सैल विणीची. दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत, आणि लेपाने ही तफावत आणखी वाढते. दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी तापल्यावर वाकते तसाच हा प्रकार. अभियंते स्टीफन टिमोशेंको यांनी १९२५ साली त्याचे गणित करून ठेवले आहे.

वाकण्यावर उत्तर पुन्हा ढिगातच सापडते. दोन पातळ तुकडे घ्यायचे आणि मांसाकडच्या बाजू एकमेकींना चिकटवायच्या. दोन्हीकडे दाणेदार बाजू आली की वाकवणारे बळ दोन्हीकडून सारखे होते आणि चकती सपाट राहते. प्लायवूडमध्ये पातळ फळ्यांची मांडणी मधल्या थराच्या दोन्ही अंगांना सारखी ठेवतात ती याच कारणाने. चिकटवायला सरस वापरायचा मोह होईल. सरसही कोलॅजेनच, कच्च्या कातड्याच्या कापट्या उकळून वेणी उलगडली की तो तयार होतो. पण तो पाण्यात मऊ पडतो, तेव्हा इथे चपलेच्या कामातले सोल्युशनच बरे, खिडकी उघडी ठेवून.

आकार कोणता असावा? १० सेंटिमीटरच्या चौकोनातून गोल चकती कापली तर साडेएकवीस टक्के चामडे कोपऱ्यांत जाते. षटकोन एकमेकांना खेटून बसतात, मधे काही वाया जात नाही, आणि दोन तळांमधल्या बाकदार तुकड्यात षटकोन गोलापेक्षा सोयीने बसतो. पोटाकडचे चामडे सैल आणि ताणले जाणारे असते. ते टाळून पाठीकडचे घ्यावे.

कडा हा चकतीचा सर्वांत तहानलेला भाग. तिथे तंतू आडवे कापलेले असतात, नळ्यांची तोंडे उघडी पडतात. कडेला पाण्याचा किंवा ट्रॅगाकंथ डिंकाचा हात फिरवून गुळगुळीत लाकडाने जोरात घासले की घर्षणाने ती तापते, तंतू दबून एकमेकांत बसतात आणि काचेसारखी चमक येते. हे काम लेपाच्या आधी करायचे. आधी मेण लावले तर ओल आत शिरत नाही आणि तंतू दबत नाहीत.

एक अडचण मात्र फार चांगल्या लेपातूनच जन्मते. अगदी गुळगुळीत, पाणी न पिणाऱ्या चकतीवर ओला पेला ठेवला की बुडाखाली पाण्याचा पातळ पडदा तयार होतो. पृष्ठताण दोघांना धरून ठेवतो, पेला उचलताना चकतीही वर येते आणि अर्ध्या वाटेत निसटून पडते. वरच्या बाजूवर ठसे उमटवले, आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, की त्या पडद्यात हवा शिरते आणि पकड सुटते. ठसे उमटवायचे ते लेपाआधी, चामडे ओलसर असताना. चपलेवरची नक्षी जशी ठोकतात तशीच.

पावसाळ्यात या साऱ्याला आणखी एक वाटेकरी येतो, तो म्हणजे बुरशी. ओल आत अडकवून लेप दिलेल्या चकतीवर आठवड्याभरात पांढुरके ठिपके दिसू लागतात. त्यामुळे कापणे, ठसे, कडा ही कामे जून ते सप्टेंबरात करून ठेवावीत. मेण आणि ॲक्रिलिक दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. त्या हवेत वजनकाटाही लवकर स्थिरावतो.

तयार चकतीवर पाण्याचा एक थेंब टाकून घड्याळ लावावे. लेप न दिलेल्या शेजारच्या तुकड्यावर तेवढाच थेंब काळा गोल सोडून काही क्षणांत नाहीसा होतो. मेणाच्या चकतीवर तो मण्यासारखा उभा राहतो, खिडकीचा चौकोन पाठीवर घेऊन, हळूहळू हवेत विरेपर्यंत. तोवर ढिगातला पुढचा तुकडा काढायचा आणि त्याच्यावर ओला खिळा ठेवायचा.